कोणत्या तारखेपासून? सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनची थकबाकी

सैन्यातून अपंगत्व घेऊन बाहेर पडलेल्या माणसाच्या फाइलमध्ये दोन प्रश्न असतात. त्याला अपंगत्व पेन्शन मिळते का, हा पहिला; आणि मिळत असेल तर कोणत्या तारखेपासून, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालतात, निकालपत्राची पाने भरतात, वर्तमानपत्रांत बातमी येते. दुसऱ्याचा निकाल बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात एखाद-दोन ओळींत लागतो आणि त्याची बातमी होत नाही. सैनिकाच्या हातात पडणाऱ्या रकमेकडे पाहिले, तर पुष्कळदा या दोन ओळीच अधिक महाग पडलेल्या दिसतात. हक्क मान्य झाला, टक्केवारी मान्य झाली, पण तारीख अलीकडे ओढली गेली, की जिंकलेल्या खटल्यातला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतच राहतो. थकबाकीचा हिशेब ही कारकुनी बाब आहे, बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही ती जमेल, असा समज सर्वत्र आहे. आकडेमोड खरोखरच फारशी अवघड नाही. अवघड आहे ती आकडेमोड कुठून सुरू करायची हे ठरवणे, आणि त्या ठरवण्यात न्यायाचा प्रश्न दडलेला आहे. तोच या प्रस्तावनेचा विषय आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. जवान असो, जेसीओ असो वा अधिकारी, सेवा संपवून बाहेर पडताना त्याची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. मुदत पूर्ण करून जाणाऱ्यासाठी रिलीज मेडिकल बोर्ड असते आणि प्रकृतीमुळे मुदतीआधीच काढले जाणाऱ्यासाठी इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. हे बोर्ड दोन गोष्टी लिहून ठेवते: अपंगत्व किती टक्के आहे, आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले आहे की नाही. भूदलाच्या १९६१ च्या पेन्शन नियमांतील १७३ व्या नियमानुसार, सेवेशी संबंध असलेले आणि २० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर पेन्शन देय होते. ही पेन्शन दोन तुकड्यांची असते. सेवेच्या वर्षांसाठी सर्व्हिस एलिमेंट आणि शरीराच्या हानीसाठी डिसॅबिलिटी एलिमेंट. सैनिकाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे असतील तर बेळगावात. तिथून प्रस्ताव जातो, प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ निघते, आणि बँकेत पैसे येऊ लागतात. अलीकडे ही सारी व्यवस्था ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत आली आहे. या साखळीत सैनिकाच्या हाती काय असते? एक डिस्चार्ज बुक, पीपीओची एक प्रत, आणि बोर्डाने काय लिहिले याची बहुधा ऐकीव माहिती. त्याच्या हक्काचा आधार असलेला प्रत्येक मूळ कागद सरकारच्या ताब्यात असतो. हे आत्ताच ध्यानात ठेवले पाहिजे, कारण माझे सारे म्हणणे याच वस्तुस्थितीवर उभे आहे.

आता पैशाची बाजू. सहाव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १ जानेवारी २००६ पासून, शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या गणनीय वेतनाच्या ३० टक्के इतका डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. सातव्या आयोगाने ही टक्केवारीची पद्धत मोडून हुद्द्यानुसार ठरावीक रकमा सुचवल्या होत्या. त्यावर सैन्यदलांतून तीव्र नाराजी उमटली आणि अखेर टक्केवारीचीच पद्धत कायम राहिली. याच्या जोडीला एक फार महत्त्वाची सवलत आहे, तिला सैन्यात सगळेच ब्रॉडबँडिंग किंवा राउंडिंग ऑफ म्हणतात. अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी असले तरी पेन्शनच्या हिशेबासाठी ते ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ धरायचे, आणि ७६ च्या पुढे असेल तर १००. दोन मंडळांपुढे एकाच गुडघ्याचे अपंगत्व एकदा ३० आणि एकदा ४० टक्के ठरू शकते. हा डॉक्टरांच्या अंदाजातला फरक सैनिकाच्या अंगावर पडू नये, म्हणून ही तरतूद पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर आली.

उदाहरण म्हणून एक हवालदार घेऊ. तो ३१ डिसेंबर २०१६ रोजी मुदत संपवून घरी आला, त्याचे अखेरचे गणनीय वेतन ४०,००० रुपये होते आणि अपंगत्व ३० टक्के. शंभर टक्क्यांचा एलिमेंट १२,००० रुपये. म्हणून त्याला ३,६०० रुपये मंजूर झाले. ब्रॉडबँडिंग लागू केले तर ५० टक्क्यांचे ६,००० मिळायला हवेत. दरमहा फरक २,४०० रुपये, अधिक त्यावरचा महागाई दिलासा. त्याने जुलै २०२४ मध्ये दाद मागितली आणि जिंकला असे समजू. मागची तीनच वर्षे द्यायची असे ठरले, तर हिशेब जुलै २०२१ पासून सुरू होतो. त्या सहामाहीत महागाई दिलासा ३१ टक्के होता, म्हणून महिन्याला ३,१४४ रुपये. पुढच्या सहामाह्यांत दर ३४, ३८, ४२, ४६ आणि ५० टक्के होत गेला, तसे महिन्याचे ३,२१६, ३,३१२, ३,४०८, ३,५०४ आणि ३,६०० रुपये होतात. प्रत्येक रकमेला सहाने गुणून बेरीज केली की तीन वर्षांचे १,२१,१०४ रुपये भरतात. आता सुटलेला काळ पाहा. जानेवारी २०१७ ते जून २०२१ हे ५४ महिने. दर ४ टक्क्यांपासून चढत जुलै २०१९ ला १७ वर आला आणि करोनाकाळातील गोठवणीमुळे जून २०२१ पर्यंत तिथेच थांबला. या ५४ महिन्यांचे १,४४,७२० रुपये होतात. खटला पूर्णपणे जिंकूनही या हवालदाराला एकूण २,६५,८२४ रुपयांतले निम्म्याहून कमी मिळाले. त्याच्या अपंगत्वात काहीही बदलले नव्हते, वेतनात काही चूक नव्हती. केवळ हिशेबाची पहिली तारीख साडेचार वर्षे पुढे सरकली. महागाई दिलाशाचे दर मी मुद्दाम एकेक करून दिले आहेत. सरासरी दर धरून थकबाकी काढण्याची घाई पुष्कळजण करतात आणि त्यात चूक होते. दर सहा महिन्यांनी नवा दर, नवा गुणाकार, हाच बरोबर मार्ग आहे.

ही तारीख सरकते कशी, याचा इतिहास पाहिला की प्रश्न केवळ सैनिकाच्या आळसाचा नाही हे उघड होते. ब्रॉडबँडिंगचा आदेश संरक्षण मंत्रालयाने ३१ जानेवारी २००१ रोजी काढला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू केला; मात्र त्यानंतर अपंगत्वामुळे सेवेतून काढल्या गेलेल्यांपुरताच. १९९६ पूर्वीच्यांना वगळले. पुढे जानेवारी २०१० च्या आदेशाने त्यांनाही सामावून घेतले, पण सुरुवातीला लाभ दिला तो १ जुलै २००९ पासून. आणि ज्यांनी अपंगत्व सोसून उरलेली मुदत पूर्ण केली, हलक्या कामावर का होईना पण सैन्यात टिकून राहिले, त्यांना हा लाभ नाहीच, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. म्हणजे एकाच खंदकात एकाच स्फोटात जखमी झालेल्या दोघांपैकी जो घरी गेला त्याला ५० टक्के, आणि जो नोकरीत राहिला त्याला ३०. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात हा भेद मोडून काढला. सरकारने लष्करी न्यायाधिकरणांच्या निकालांविरुद्ध केलेली अपिले त्या दिवशी एकगठ्ठा फेटाळली गेली. त्याआधी जून २०१४ मध्ये सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की ज्याला प्रकृतीच्या कारणाने सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक होते असेच गृहीत धरले पाहिजे. त्याच्याही आधी, २ जुलै २०१३ रोजी, धरमवीर सिंग खटल्याचा निकाल आला. सिग्नल्समध्ये १९८५ ला भरती झालेला आणि नऊ वर्षांच्या सेवेनंतर फेफऱ्याच्या विकारामुळे १९९४ मध्ये काढला गेलेला हा जवान. न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असेच मानायचे. नंतरचा आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. आणि बोर्डाने कारणे न देता नुसता नकार लिहिला तर तो पुरेसा नाही. १९९४ मध्ये घरी पाठवलेल्या माणसाला हे उत्तर २०१३ मध्ये मिळाले.

या निकालांनी कायदा नव्याने घडवला असे आपण सहज म्हणून जातो, पण ते काटेकोर नाही. ‘धरमवीर सिंग’मधला आधार १९८२ च्या नियमांतच लिहिलेला होता. कार्यालये तो वाचत नव्हती, किंवा वाचून बाजूला ठेवत होती. थकबाकीच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. नवा हक्क निर्माण होतो तेव्हा तो पुढच्या तारखेपासून देणे समजू शकते. जुना हक्क नाकारला गेला होता असे न्यायालय सांगते, तेव्हा पैसे ज्या दिवशी देय झाले त्या दिवसापासूनच मोजले पाहिजेत.

असे मोजणे ज्याने बऱ्याच अंशी अडवले, तो निकाल म्हणजे ‘युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तरसेम सिंग’, १३ ऑगस्ट २००८. हा जवान १३ नोव्हेंबर १९८३ रोजी वैद्यकीय कारणाने सेवेतून बाहेर पडला. तो उच्च न्यायालयात आला १९९९ मध्ये. एकल न्यायमूर्तींनी पेन्शन मंजूर केली, पण थकबाकी दिली याचिकेआधीच्या फक्त ३८ महिन्यांची. खंडपीठाने ती १९८३ पासून व्याजासह द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा हुकूम रद्द करून ३८ महिन्यांवरच प्रकरण आणून ठेवले. सुमारे सोळा वर्षांपैकी तीन वर्षे दोन महिने. त्यातून पुढे जे सूत्र रूढ झाले ते असे: पेन्शन दरमहा देय असते, म्हणून ती न देणे ही दरमहा नव्याने घडणारी चूक आहे, त्यामुळे दावा कितीही उशिरा आला तरी फेटाळायचा नाही, पण थकबाकी सर्वसाधारणपणे याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच द्यायची. या सूत्राची व्याप्ती कुठवर धरायची याबद्दल न्यायाधिकरणांत आणि न्यायालयांत एकसारखे निकाल लागलेले नाहीत, म्हणून आपापल्या प्रकरणापुरता ताजा निकाल वकिलाकडून पाहून घेणे आवश्यक आहे. तरीही थकबाकीचा विचार जिथे सुरू होतो ते ठिकाण आजही हेच.

‘तरसेम सिंग’चा पहिला अर्धा भाग सैनिकाच्या बाजूचा आहे, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. दार कायमचे बंद होऊ दिले नाही, हे मोठे काम त्या निकालाने केले. त्यातले एक तर्कसूत्र तर मला फार मोलाचे वाटते. न्यायालयाने म्हटले की ज्येष्ठता किंवा बढतीचा जुना वाद उकरून काढला तर त्याची झळ दरम्यान वर गेलेल्या इतर कर्मचाऱ्यांना पोचते, म्हणून तिथे उशीर माफ करता येत नाही. पगार वा पेन्शनच्या फेरनिश्चितीने मात्र दुसऱ्या कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही, म्हणून तिथे उशीर आडवा येऊ नये. इथपर्यंत सारे सरळ आहे. मग हेच तर्कसूत्र थकबाकीला का लावायचे नाही? जुनी थकबाकी दिली तर तिसऱ्या कोणाचे काय जाते? जाते ते फक्त ज्याने पैसे दिले नव्हते त्याचे. न दिलेला पैसा त्याच्याजवळ राहिला, वापरला गेला, आणि काळ गेला या एका कारणाने तो त्याचा झाला. खासगी देण्याघेण्यात हे मुदतीच्या कायद्याने घडते हे खरे. पण मुदतीचा कायदा कशासाठी असतो? साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, समोरच्याला इतक्या वर्षांनी बचाव करणे अशक्य होते, म्हणून. यातले एकही कारण ब्रॉडबँडिंगच्या थकबाकीला लागू पडत नाही. टक्केवारी बोर्डाने त्या दिवशी लिहून ठेवली आहे. अखेरचे वेतन आणि सेवामुक्तीची तारीख पीपीओवर छापलेली आहे. एकही साक्षीदार लागत नाही, नवी वैद्यकीय तपासणी लागत नाही. लागतो तो गुणाकार.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: उशिराचा भार ज्याच्या कपाटात कागद होते त्याच्यावर पडला पाहिजे. हक्क सरकारच्याच नोंदींवरून सिद्ध होत असेल, तर थकबाकी हक्क उत्पन्न झाला त्या दिवसापासून मोजावी. हक्क सिद्ध करायला सैनिकाने नव्याने पुरावा आणावा लागत असेल, तर उशिराची किंमत त्याने काही अंशी सोसावी हे मला मान्य आहे. १९७१ च्या युद्धात पाय दुखावला होता, पण बोर्डापुढे कधी नोंद झाली नाही, आणि पन्नास वर्षांनी दावा आला, तर डॉक्टर आज कोणत्या आधारावर सांगणार की ही झीज त्या दुखापतीची आहे की वयाची? तिथे तीन वर्षांची मर्यादा अन्यायाची म्हणता येणार नाही. एक बारकावा मात्र इथेही आहे. पेन्शन न मिळणाऱ्या सैनिकांची सेवापत्रके ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. ज्याला पेन्शन चुकीने नाकारली गेली, तो ‘पेन्शन नसलेला’ म्हणून त्याच यादीत जातो, आणि काही वर्षांनी त्याचा पुरावा नियमानुसार जाळला जातो. अशा प्रकरणात कागद नाहीत हे कारण सरकारने पुढे करणे योग्य नाही.

याला पहिला आक्षेप असतो तो झोपून राहिलेल्याचा. हक्कावर झोपणाऱ्याला कायदा मदत करत नाही, हे वचन न्यायालयांत नेहमी ऐकू येते. पण झोपण्यासाठी आधी हक्क ठाऊक असावा लागतो. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. त्याच्या पीपीओवर रकमा असतात. त्या कशा आल्या हे सांगणारी भाषा त्याला वाचता येईल अशी नसते. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर नावातच मिलिटरी घेऊन वावरते. अशा गावात माहिती तोंडोतोंडी फिरते, माजी सैनिकांची कट्ट्यावर चर्चा होते, कोणी ना कोणी दाखवून देतो. एखाद्या आडवळणाच्या वाडीवर सैन्यातून परतलेला एकटाच माणूस असतो, त्याला २००१ चे मंत्रालयाचे पत्र कोण वाचून दाखवणार? दावा नाकारल्यावर पहिले अपील, मग दुसरे अपील, मग लष्करी न्यायाधिकरण, असा रस्ता आहे. २००७ च्या कायद्याने आलेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करू लागले. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. त्याआधी गडचिरोलीच्या वा सिंधुदुर्गातल्या माणसाला उच्च न्यायालयाखेरीज जागा नव्हती. ‘तरसेम सिंग’मधली १९८३ ते १९९९ ही वर्षे त्याच काळातली आहेत, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा, आणि तो मी हलका मानत नाही. संरक्षण पेन्शनचा बोजा मोठा आहे, आणि हजारो जुनी प्रकरणे एकदम मागच्या तारखेपासून उघडली तर अर्थसंकल्प सांभाळणे कठीण, असे सांगितले जाते. त्याच्या आधाराला नेहमी नकारा खटला दाखवला जातो. १७ डिसेंबर १९८२ च्या त्या ऐतिहासिक निकालात पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे असे ठामपणे सांगितल्यावरही, उदार सूत्राचा लाभ जुन्या पेन्शनरांना देताना घटनापीठाने ठरलेल्या दिनांकाआधीची थकबाकी दिली नाही. हे खरे आहे. पण तिथे सरकारने नवे, अधिक उदार सूत्र आणले होते आणि न्यायालयाने त्याची कक्षा रुंदावली. सूत्र जन्मायच्या आधीच्या काळाचे पैसे कोणीच मागू शकत नव्हते. त्याच न्यायाने ब्रॉडबँडिंगची थकबाकी १ जानेवारी १९९६ च्या मागे कोणी नेऊ नये, हे मला मान्य आहे. १९९६ नंतरची वर्षे का कापायची, याचे उत्तर मात्र नकारा निकालात सापडत नाही. आणि एकदम एवढा पैसा कुठून आणायचा, या अडचणीवर तोडगा आपल्याच देशात निघालेला आहे. वन रँक वन पेन्शनची १ जुलै २०१९ पासूनची फेरनिश्चिती आणि तिची थकबाकी देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये दिला. सरकारने वेळ मागितला, तेव्हा २० मार्च २०२३ रोजी न्यायालयाने वेळापत्रकच घालून दिले: कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदक विजेते ३० एप्रिल २०२३ पर्यंत, सत्तरीपुढचे ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत समान हप्त्यांत. लाखो पेन्शनरांचा हिशेब कोणी अर्ज न करता, कोणी याचिका न करता केला गेला. वयस्करांना आधी, हप्त्यांनी का होईना पण पूर्ण, हाच क्रम अपंगत्वाच्या थकबाकीला लावता येईल. ‘स्पर्श’ आल्यानंतर तर आधारभूत माहिती एकाच ठिकाणी आहे. कोणाला ३० टक्क्यांवर थांबवले आहे ही यादी काढायला कोर्टाच्या नोटिशीची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप गेल्या काही वर्षांत जोरात आला आहे. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीच्या आजारांवर, विशेषतः निवृत्तीच्या तोंडावर, अपंगत्व पेन्शन घेतली जाते, अशी टीका झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे हक्क-नियम आले आणि निकष बदलले. या टीकेत तथ्य किती, शांतता-ठाण्यावरचा ताण कसा मोजायचा, हा गंभीर वाद आहे आणि तो सविस्तरच व्हायला हवा. थकबाकीच्या प्रश्नात तो मिसळणे मात्र चूक आहे. कोणता आजार पात्र, हे पात्रतेच्या पायरीवर ठरते. पात्र ठरलेल्याला कधीपासून द्यायचे, ही पुढची पायरी. काही दावे फुगवलेले असतील या संशयाने सियाचीनमध्ये बोटे गमावलेल्याची दहा वर्षे कापणे, हा कोणत्याही हिशेबाने न्याय होत नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सैनिकांविरुद्धचे, विशेषतः अपंगत्व पेन्शनचे, खटले सरकारने अपिलामागून अपील करत लढू नयेत असेच सुचवले होते. ती दिशा बरोबर होती. तिचा पाठपुरावा झाला असता, तर पुष्कळांची तारीख पुढे सरकलीच नसती, कारण उशिराचा मोठा भाग अपिलांतच जातो.

व्याजाबद्दल थोडेच सांगतो. न्यायाधिकरण सामान्यतः आदेशापासून काही महिन्यांची मुदत देते आणि त्यात पैसे दिले नाहीत तरच पुढे व्याज लावते. आधीच्या सगळ्या वर्षांचे व्याज क्वचितच मिळते. २०१७ मध्ये देय असलेले २,४९६ रुपये २०२५ मध्ये तेवढेच हातात आले, तर त्यांची किंमत किती उरली हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. म्हणजे मुदतीची मर्यादा आणि व्याजाचा अभाव मिळून तोटा दुहेरी होतो. सैनिक निकालाची वाट पाहता पाहता वारला, तर त्याच्या हयातीपर्यंतची थकबाकी वारसांना मिळते. पण विधवेला ती मागता येते हे अनेक घरांत माहीतच नसते, आणि नामनिर्देशनाच्या घोळात वर्ष-दोन वर्षे सहज जातात.

पुढील पानांत दर, तक्ते, आदेशांच्या तारखा आणि अर्जांचे नमुने येतील. ते वाचण्याआधी, घरात माजी सैनिक असेल तर एवढे करावे. पीपीओ काढून त्यावरची टक्केवारी पाहावी. ती २० किंवा त्याहून अधिक असून रक्कम ५०, ७५ किंवा १०० टक्क्यांनी काढलेली नसेल, तर फरक देय असण्याची शक्यता आहे. बोर्डाचा अहवाल हाती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात त्याची प्रत मागावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारपूस पुरेशी धरू नये, कारण उद्या तारीख सिद्ध करायची वेळ आली तर ती पोच उपयोगी पडेल. नकार आला तर तो लेखी घ्यावा. न्यायाधिकरणात जाण्याची सहा महिन्यांची मुदत त्या नकारापासून मोजली जाते, आणि उशीर झालाच असेल तर तो माफ करण्याचा अर्जही सोबत करता येतो. आणि हे सारे या महिन्यातच करावे. तीन वर्षांचे सूत्र लागू आहे तोपर्यंत अर्जाशिवाय गेलेला प्रत्येक महिना मागच्या टोकाचा एक महिना कापून नेतो.